निजलेलं लेकरू

सत्यभामेच्या तोंडाला सगळं गाव वचकून असायचं. तिवशाच्या अलीकडे नागपूरची सडक सोडून बैलगाडीनं आत जावं लागे, तिथलं ते गाव. विहिरीवर बाया भांडायच्या, तशा त्या कुठे भांडत नाहीत? पण त्यांची भांडणं पाण्याच्या पाळीवरून, शेणावरून, फार तर कोणाच्या नवऱ्यावरून. सत्यभामा भांडायची ती पोरांवरून, आणि तेही लोकांच्या. एखादं पोरगं रडत असलं आणि त्याची माय म्हणाली, "थो पाह्य, बुवा आला, धरून नेतो," की संपलंच. पाण्यानं भरलेला पितळी गुंड खाली आपटून ही कमरेवर हात देऊन उभी.

"कुठी हाये व बुवा? दाखव बरं मले. नाई ना? मंग लेकराशी खोटं काहून बोलून राहिली? उद्या थे तुह्याशी खोटं बोललं म्हंजे त्याले मारशीन."

आता सांगा, अशी बाई कोणाला आवडायची?

घरातही तेच. अकोल्याचे मामासासरे एकदा पाहुणे आले. पानसुपारी झाल्यावर त्यांनी थोरल्या रमाला ओसरीत उभं केलं आणि म्हणाले, नाच पाहू. रमा चार वर्षांची. ती बिचारी लुगड्याआड लपायला आईला शोधू लागली. मामासासरे टाळ्या वाजवून राहिले होते, सासू माणिकबाई कौतुकानं हसत होती, आणि आतून सत्यभामेचा आवाज आला, "मामंजी, लेकरू हाये थे, दरवेशाचं अस्वल नाई. तुमी नाचून दाखवा आधी, मंग तुमचं पाहून थे नाचन." पाहुणे त्या दिवशी जेवले, पण परत काही आले नाहीत. माणिकबाईनं महिनाभर धुसफूस केली.

पोट भरल्यावर पोराच्या तोंडात घास कोंबलेला तिला खपायचा नाही. "रुईची गठाण हाये का थे, दाबून दाबून भरायले?" पोरगं पडलं तर जमिनीला मारून दाखवणारी बाई दिसली की हिच्या अंगाचा तिळपापड. जमिनीचा काय गुन्हा? आणि सगळ्यांत वाईट राग यायचा तो 'मायले सांगू नोको' या शब्दांचा. हे शब्द तिनं कोणाच्याही तोंडून ऐकले, मग ती सासू असो की चुलत जाऊ, तर घर डोक्यावर घ्यायची. रमाला तिनं घोकून घोकून शिकवलं होतं: काहीही फुटलं, सांडलं, कोणी काही केलं, तर येऊन सांगायचं, खरं सांगितल्यावर मार नाही. आणि ती मारायची नाही खरंच. तुपाचं बुधलं फुटलं तेव्हाही नाही. तेव्हा ती भिंतीवर ओरडली, पण रमावर नाही.

हे सगळं लोक हसण्यावारी नेत. एका गोष्टीवर मात्र कोणी हसत नसे, कारण ती प्रत्येक घरची होती. ती म्हणजे गोळी.

वेचणी सुरू झाली की बाईला घरी बसून चालत नाही. पऱ्हाटीवर कापूस फुटलेला, आज वेचला नाही तर उद्या वाऱ्यानं मातीत. मग अंगावरचं लेकरू कुठे ठेवायचं? तर धुऱ्यावरच्या, बांधावरच्या निंबाला झोळी बांधायची आणि लेकरानं रडू नये म्हणून अफूचा मोहरीएवढा कण दुधात घासून चाटवायचा. लेकरू दिवसभर निजतं, बाई दिवसभर वेचते. आजीनं आईला दिली, आईनं आपल्याला दिली, आपण लेकराला द्यायची. लपवाछपवीचं त्यात काही नव्हतं. तिवशाच्या बाजारात नागपूरच्या सरकारचा परवाना भिंतीला टांगून अफूचं दुकान चालायचं, पाटीसकट. "सरकारनं पाटी लावली म्हंजे काय थे औषध झालं?" सत्यभामा म्हणायची. माहेरी वरूडकडे तिनं तसली पोरं पाहिली होती. पोट पुढे, हातपाय काड्या, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर बघत, पण हसत नसत. रमा पोटात असतानाच तिनं ठरवलं होतं, माझ्या लेकराच्या जिभेला हे लागू द्यायचं नाही.

रमाच्या वेळी निभावलं, कारण त्या साली ती वेचणीला गेलीच नाही. धाकटी सिंधू झाली ती श्रावणात, आणि दिवाळी सरता सरता वेचणी अंगावर आली. या साली मजूर बाया मिळेनात. तिला वावरात जाणं भाग होतं.

"पोट्टीले गोळी द्यायची नाई," तिनं सासूला तोंडावर सांगितलं. "कोनी देली तर माह्यासारखी वाईट बाई नाई. थ्या घरात मी अन्न शिजवनार नाई."

माणिकबाई काही कमी नव्हती. ऐन उमेदीत नवरा गेला तेव्हा दीर वाटणी गिळायला बसले होते. तिनं स्वतः बैल हाकून जमीन राखली, एकुलता एक किसन वाढवला. तिचा घरात एकच कडक नियम होता: निजलेल्या लेकराला उठवायचं नाही. मग कोणी येवो, काही होवो. लेकरू निजलं असलं की घरात भांडं वाजता कामा नये, गडीमाणसंसुद्धा चपला हातात घेऊन चालायची. झोपेनं लेकरू वाढतं, म्हणायची. सुनेचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "बरं बाई. तू म्हनशीन तसं." आणि सत्यभामेला ते खरं वाटलं, हीच चूक झाली. तिला वाटलं, आपण एवढ्या ओरडलो म्हणजे जिंकलो.

सीतादहीचा दिवस उजाडला. पहिल्या वेचणीच्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पऱ्हाटीवर दही शिंपडायचं, मग कापसाला हात लावायचा. माणिकबाईनं सगळं यथासांग केलं. सकाळी निघण्यापूर्वी तिनं सिंधूला घुटीही दिली होती, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड सहाणेवर उगाळून, रोज देत असे तशी. घुटीला सत्यभामेचा विरोध नव्हता. निंबाखाली झोळ्या बांधल्या, पोरं राखायला म्हातारी गोदाबाई बसली. तिच्या हातून गावातली निम्मी पोरं वाढली होती, सगळे तिला गोदामाय म्हणत. रमालाही तिथेच बसवलं, आणि सत्यभामा कमरेला ओटी बांधून ओळीला लागली.

ऊन डोक्यावर आलं तशी ती दूध पाजायला धुऱ्यावर आली. सिंधू झोळीत गाढ.

"निजली हाये," माणिकबाई म्हणाली. "उठवू नोको."

"भुकेली असन, मामी." सासूला ती मामी म्हणायची.

"भूक लागली म्हंजे लेकरू सोताच उठते. जाय, ओळ पुरी कर."

सत्यभामा परत फिरली. पण ओळीच्या मधोमध तिची चोळी दुधानं चिंब झाली. छातीत ठणका लागला. सकाळपासून लेकरानं एकदाही तोंड लावलं नव्हतं, आणि सिंधू म्हणजे तासातासाला किंचाळणारी पोर. सत्यभामेनं ओटी तिथेच सोडली. वेचलेला कापूस सगळा मातीत सांडला, मागून नवरा किसनराव "अव, अव!" करून राहिले, पण ती थांबली नाही.

तिनं झोळीतून लेकरू उचललं तर मान मागे लोंबली. ओठांचा रंग गेलेला. श्वास येत होता, पण दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जायचा की पुढचा येईल की नाही असं वाटायचं. तिनं बोटानं पापणी वर केली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झालेला. असे डोळे तिनं वरूडला पाहिले होते.

"कोनं देली?"

गोदाबाई दुसऱ्या झोळीला झोका देऊ लागली.

"कोनं देली म्हन्तो मी! गोदामाय?"

"मी काहून देऊ व बाई?" गोदाबाईनं पदर सारखा केला. "तुहं लेकरू, मले काय करायचं?"

"मामी?"

"सकाळी घुटी देली. तुह्या डोयासमोर देली. उगाच आळ नोको घेऊ."

सत्यभामेला दोघींचीही मानगूट धरावीशी वाटली. तेवढ्यात तिचं लक्ष रमाकडे गेलं. रमा झोळीच्या मागे बसली होती, दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून, डोळे गच्च भरलेले. सत्यभामा तिच्यासमोर उकिडवी बसली. एरवी जिचा आवाज तीन वावरं ओलांडून जायचा, ती हळू बोलली.

"रमे. तुले ठाव हाये?"

रमानं मान हलवली. मग कुजबुजली, "सांगतलं तर बुवा नेईन. आजी म्हने."

"मी तुले काय सांगतलं? बुवा हाये का?"

"नाई हाये."

"मंग सांग. मी मारतो का खरं सांगतल्यावर?"

रमानं हात काढले. "आजीनं घुटीत काळं काळं घासलं. म्हने मायले सांगू नोको. आन मंग सिंधू कुनकुन करून राहिली, तं गोदामायनं बोटानं चाटवलं. ते बी काळं."

माणिकबाईनं चमकून गोदाबाईकडे पाहिलं. "तू बी देली?"

"तुमी देली हे मले कुठी ठाव होतं?" गोदाबाई मागे सरकली. "मी त साऱ्याच लेकरायले देतो. ह्या बाईच्या धाकानं कोनाले सांगतलं नाई."

मग सत्यभामा जी सुटली म्हणता! वावरातल्या सगळ्या बाया ओळी सोडून धुऱ्यावर आल्या. "लाज नाई वाटत तुमाले? एक घरून पाजून आनते, दुसरी इथी पाजते! लेकरू हाये का नालीतला उंदीर हाये, मारायले? अन् वरून त्या लहान्या पोरीले भेव दाखवता? बुवा तुमीच हाये! दोघीजनी!"

माणिकबाईला सगळ्या बायांसमोर हे सोसवलं नाही. तीही उसळली. "तुले सांगायची सोय ठेवली का तू? काई सांगाले गेलं की वसकन अंगावर येते. सांगून देली असती तर गोदाबाईले कळलं असतं, तिनं देली नसती. तुह्या तोंडाच्या भेवानंच झालं हे!"

सासू म्हणत होती त्यात खरं होतं, आणि खरं होतं म्हणून सत्यभामेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला आता वेळ नव्हता.

"दमनी जुपा," ती नवऱ्याला म्हणाली. "तिवशाच्या दवाखान्यात नेतो."

किसनराव डोकं खाजवत उभे. "अव, एवढं काय? निजू दे थोडी, उतरन आपोआप. आमी बी तेच खाऊन वाढलो ना."

"म्हनूनच तुमी अजून निजून हाये! बैल जुपता का मी जुपू?"

किसनरावांनी बैल जुंपले. सत्यभामा लेकरू घेऊन चढली, रमाला शेजारणीच्या हवाली केलं. आणि बघते तर माणिकबाई मागच्या बाजूनं दमणीत चढून बसलेली.

"उतरा," सत्यभामा म्हणाली.

"नाई उतरत."

वाद घालायला उसंत नव्हती. गाडी निघाली. वाटेत विहिरीचं पाणी लेकराच्या तोंडावर मारलं, तर सिंधूनं नुसतं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मान टाकली. सत्यभामा तिच्या तळपायांवर चापट्या मारू लागली. ऊठ. ऊठ व माय. ऊठ ना. लेकरू डोळे किलकिले करायचं की परत मिटायचं. तिनं गालांवर मारलं, कानाशी ओरडली, बोटांनी चिमटे काढले. आयुष्यात तिनं कोणत्याच लेकरावर हात उचलला नव्हता, आणि आता स्वतःच्या तीन महिन्यांच्या पोरीला मारताना तिचे हात दुखत होते.

"नोको व मारू," माणिकबाई कळवळली. "लहान जीव हाये."

"तुमी बोलू नोका. एक शब्द बोलू नोका."

सडकेला लागले तर पुढे कापसाच्या बंड्यांची रांग. अमरावतीच्या बाजारात कापूस विकून रिकाम्या परतणाऱ्या एका बाजूला, भरलेल्या दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध एक बंडी आडवी होऊन बसलेली. गाडीवान बिड्या फुंकत गप्पा मारत होते. किसनरावांनी हाळी दिली, तर कोणी ढिम्म हलेना. सत्यभामा पोर छातीशी धरून दमणीत उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला, तिनं सावरला नाही.

"बाजूले घ्या रे, मेल्याहो! लेकरू मरून राहिलं माह्यं! तुमच्या कापसाले आग लावीन, बाजूले घ्या!"

गाडीवानांनी बिड्या फेकल्या. बंड्या धुळीत, नालीत, जिथे मिळेल तिथे उतरल्या आणि वाट झाली. दमणी मधून निघून गेली तरी ती उभीच होती, आणि ओरडतच होती.

ती खाली बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की माणिकबाईचा चेहरा निराळाच झाला आहे. म्हातारी लेकराच्या ओठांकडे बघत होती. नुसती बघत होती, पापणी न हलवता.

"शेवंतीचे बी असेच झाले होते," ती म्हणाली.

"कोन शेवंती?"

"किसनच्या आधीची. माह्यी पहिली. तिले बी गोळी देली होती. वेचनीच होती." चाकांच्या खडखडाटात तिचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, सत्यभामेला वाकावं लागलं. "माह्यी जाऊ म्हने, ओठ पाह्य व, उठव तिले. मी म्हनलं, निजली हाये, उठवू नोको. सांज झाली तं थंडी पडली होती. साऱ्यायले सांगतलं, डब्याचा रोग झाला होता. आतापर्यंत तेच सांगतलं."

सत्यभामेच्या तोंडाशी आलं होतं, की एक लेकरू घालवूनही तुमाले कळलं नाई, तेच नातीले पाजलं? तिला बोलायचं होतं ते. कोणत्याही दुसऱ्या बाईला तिनं ते ऐकवलंच असतं. घरातला तो नियम, त्या हातात घेतलेल्या चपला, सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं. म्हातारी इतकी वर्षं निजलेल्या लेकरांवर पहारा देत बसली होती, कारण एकदा जरी म्हटलं असतं की निजलेलं लेकरू उठवावं, तर शेवंती आपण घालवली असं झालं असतं. राग होताच. तो तसूभरही कमी झाला नव्हता. पण लेकराची मान पुन्हा कलंडली, आणि सत्यभामेनं सिंधूचा एक पाय उचलून सासूपुढे धरला.

"धरा. मारा तळव्यावर. जोरानं."

माणिकबाईनं पहिली चापट मारली ती हळू. दुसरी जरा जोरात. मग ती अशी मारत सुटली की सत्यभामेला वाटलं हिला आवरावं, पण आवरलं नाही. "ऊठ," म्हातारी म्हणत होती. "ऊठ व. ऊठ म्हन्तो ना."

दवाखान्यातल्या डॉक्टरानं नळी घालून पोट धुतलं, कसलं तरी कडू पाणी पाजलं, आणि तिघांनाही उभं करून झापलं. गावंढळ आहात, अडाणी आहात, लेकरांना विष चारता. सत्यभामेनं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डाक्टरसाहेब, थे दुकान तुमच्या दवाखान्याच्या समोरच हाये. त्याच्या मालकाले बी असंच बोलता का तुमी?" डॉक्टरानं चष्मा काढून पुसला. पोरीला दिवस मावळून दिवे लागून जाईतो झोपू देऊ नका, एवढंच सांगितलं.

सिंधू रडली ती परतीच्या वाटेवर. आधी नुसती कुरकुर, मग ओठ बाहेर आले, मग तिनं असा गळा काढला की बैलांनी कान टवकारले. उभ्या आयुष्यात सत्यभामेनं एवढं गोड काही ऐकलं नव्हतं. दोन्ही बाजूला फुटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या होत्या, आणि लेकरू थांबायचं नाव घेत नव्हतं. किसनराव दिवसभराचे थकलेले, सवयीनं मागे वळून म्हणाले, "गप कर व तिले थोडी."

"गप बस, किसन!" माणिकबाई कडाडली. "रडू दे तिले. कोनी गप नोको करू."

सत्यभामेनं सासूकडे पाहिलं. या बाईला ती माफ करणार नव्हती, आज नाही आणि उद्याही नाही. घरी गेल्यावर पुष्कळ भांडायचं होतं, गोदाबाईशी, नवऱ्याशी, सगळ्या गावाशी. पण तिचे हात आता उचलत नव्हते. तिनं रडती पोर सासूच्या मांडीवर ठेवली.

"निजू देऊ नोका, मामी," ती म्हणाली. "डोये मिटले की उठवा."

माणिकबाईनं मान हलवली. गावाची वेस येईपर्यंत ती नातीच्या तळपायांवर टिचक्या मारत राहिली.